मराठी वादचर्चेचं व्यासपीठ: पहिल्या आवृत्तीत मॉडरेटरचं टेबल आधी मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सार्वजनिक प्रश्नांवर मराठीत नीट वादचर्चा व्हावी, तिच्यावर मॉडरेशन असावं, यासाठी एक ऑनलाइन व्यासपीठ उभं करायचंय. हाताशी दोन डेव्हलपर, तीन-चार महिने आणि बेताचे पैसे. पहिल्या आवृत्तीत काय घ्यावं, काय सोडावं, मॉडरेशन माणसांकडे द्यावं की यंत्राकडे? मी बरीच वर्षं अशा ठिकाणी मॉडरेशन केलंय आणि त्यामागचं सॉफ्टवेअरही लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या यादीत मतदान आहे, बॅज आहेत, मोबाइल ॲप आहे, एआयने काढलेला सारांश आहे आणि सगळ्यांत शेवटी एका ओळीत ‘ॲडमिन पॅनल’ आहे. ही यादी उलटी करा. मॉडरेटर ज्या पडद्यावर बसून निर्णय घेणार तो पडदा, निर्णयाची कारणं, त्यांची नोंद आणि त्यावर दाद मागायची सोय, एवढं पहिल्या महिन्यात बांधा. वाचकाला दिसणारं पान सुरुवातीला अगदी साधं असलं तरी चालतं. लोक चर्चेतून निघून जातात ते पान देखणं नाही म्हणून जात नाहीत. आपला प्रतिसाद का उडाला आणि समोरच्याचा का राहिला, हे त्यांना कुणी सांगत नाही, म्हणून जातात.

त्याच्याही आधी एक काम आहे, ज्याला एक ओळही कोड लागत नाही: प्रश्नाची मांडणी. पुण्यातलं उदाहरण घेऊ. ‘वेताळ टेकडी वाचवावी का?’ असा विषय ठेवलात तर ‘नाही’ कोण म्हणणार? एक बाजू जन्मतःच खलनायक ठरते आणि ती बाजू मांडू शकणारी शहाणी माणसं येतच नाहीत. त्याऐवजी टेकडीतून जाणाऱ्या रस्त्याबद्दल ‘बालभारती ते पौड फाटा रस्ता महापालिकेने बांधावा’ असा ठराव मांडा. आता वाहतूक, पर्याय, झाडं, भूजल, खर्च यांवर दोन्हीकडून बोलता येतं.

पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेचा वाद यापेक्षाही बोलका आहे. 16 एप्रिल 2025 चा शासन निर्णय आला, 17 जूनला तो सुधारून निघाला आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेतल्याची घोषणा झाली. त्या दोन-अडीच महिन्यांत जिथे पाहावं तिथे ‘हिंदी सक्ती हवी का’ एवढाच मथळा होता आणि त्याखाली निदान चार वेगळे वाद एकमेकांत गुंतले होते. सहा वर्षांच्या मुलाला तिसरी भाषा झेपते का, ती भाषा हिंदीच का, दुसरी भाषा निवडली तर शिक्षक कुठून आणायचे आणि शाळेत काय शिकवायचं हे राज्याने किती ठरवावं. एकाने बालमानसशास्त्राचा मुद्दा मांडला की दुसरा त्याला अस्मितेने उत्तर देणार. दोघेही प्रामाणिक, आणि दोघांनाही वाटणार की समोरचा विषय टाळतोय. सुधारित निर्णयात एक अट होती: हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान 20 विद्यार्थ्यांनी ती मागितली पाहिजे. ‘ही 20 ची अट रास्त आहे’ एवढाच ठराव ठेवला असता तर दोन-तीन शिक्षणाधिकारी, काही मुख्याध्यापक आणि सीमेलगतच्या गावांतले पालक आठवडाभर उत्तम बोलले असते. असे अरुंद ठराव निवडा. प्रत्येक ठरावाबरोबर तीनशे शब्दांचं टिपण द्या, त्यात कुणालाच अमान्य नसलेल्या गोष्टी तेवढ्या असाव्यात. ते दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाला आधी दाखवा आणि दोघांनी ‘हे ठीक आहे’ म्हटल्याशिवाय ठराव उघडू नका.

पहिल्या आवृत्तीत एका वेळी एकच वाद चालवा. तो एका तारखेला उघडावा आणि दहा-बारा दिवसांनी बंद व्हावा. कायम उघड्या चर्चेत शेवटचा शब्द त्याचाच ठरतो ज्याच्याकडे वेळ जास्त आहे, आणि तुमचे पाच-सहा मॉडरेटर दहा विषयांवर पुरे पडणार नाहीत. वाद बंद करताना दोन्ही बाजूंचा एकेक माणूस आणि एक मॉडरेटर मिळून समारोप लिहितात: कशावर एकमत झालं, मतभेद नेमका कुठे उरला, कोणती माहिती मिळाली असती तर तो मिटला असता. वर्षभराने परत येऊन लोक हेच वाचतात.

आता रचना. जगात आधी झालेल्या प्रयोगांकडे जरूर बघा, पण त्यांची सगळीच अंगं उचलू नका. तैवानमध्ये 2014 च्या सूर्यफूल आंदोलनानंतर ‘व्हीतैवान’ हे सार्वजनिक प्रश्नांवरच्या चर्चेचं व्यासपीठ सुरू झालं. 2015 मध्ये उबरवर चर्चा घेताना त्यांनी ‘पोलिस’ (Pol.is) नावाचं मुक्तस्रोत साधन वापरलं. त्यात उत्तर द्यायचं बटणच नाही. लोक छोटी विधानं टाकतात, इतर जण त्यांवर सहमत, असहमत किंवा ‘पुढे’ एवढंच म्हणतात आणि कुठले गट कशावर एकत्र येतात याचा नकाशा तयार होतो. विमा आणि नोंदणी यांसारख्या गोष्टींवर टॅक्सीवाल्यांच्या बाजूचे आणि उबरच्या बाजूचे लोक बरेचसे जवळ आलेले त्यातून दिसले. हे साधन मतं मोजायला फार चांगलं आहे, पण युक्तिवादाची सवय त्यातून लागत नाही, कारण तिथे कुणाला कुणाचं खोडून काढावंच लागत नाही. ‘किआलो’ या वादचर्चेच्या साइटवर प्रत्येक मुद्द्याखाली बाजूच्या आणि विरोधी मुद्द्यांचं झाड वाढत जातं. वाचायला ते स्वच्छ असतं, पण पहिल्यांदा लिहिणारा माणूस आपला मुद्दा कुठल्या फांदीवर टाकायचा इथेच अडतो. रेडिटवर 2013 पासून ‘चेंज माय व्ह्यू’ चालू आहे. तिथे ज्याच्यामुळे तुमचं मत थोडंसं जरी बदललं त्याला तुम्ही ‘डेल्टा’ देता आणि विषय टाकणाऱ्याला तीन तासांच्या आत चर्चेला हजर व्हावं लागतं. मला विचाराल तर हे दोन्ही नियम जसेच्या तसे घ्या. मत बदलल्याची जाहीर कबुली देणं ही तिथे मानाची गोष्ट आहे, आणि आपल्याकडे नेमकी हीच कबुली लोकांना फार जड जाते.

माझी मांडणी अशी असते. तीनच प्रकारचे प्रतिसाद: मुद्दा, प्रतिवाद आणि प्रश्न. मुद्द्याखाली प्रतिवाद, प्रतिवादाखाली मूळ लेखकाचं एक उत्तर, तिथे ती साखळी संपते. त्यापुढे दोघांचाच खाजगी टेनिस सामना सुरू होतो आणि बाकीचे वाचणं सोडतात. प्रतिवाद लिहायच्या पडद्यावर वर एक वेगळी चौकट ठेवा, ‘पूर्वपक्ष’. समोरच्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत दोन ओळींत लिहा, मगच खालची मोठी चौकट उघडेल. प्रसिद्ध झाल्यावर मूळ लेखकाला त्या दोन ओळींपाशी एक बटण दिसतं, ‘हो, मला हेच म्हणायचंय’. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडायचा आणि मग तो खोडायचा अशी रीत होती. तीच इथे एका फॉर्ममध्ये येते. निम्मी भांडणं या चौकटीतच विरघळतात, कारण समोरचा नेमकं काय म्हणाला हे लिहायला बसलं की आपण वेगळंच वाचलं होतं हे माणसाला दिसतं. पहिल्या आवृत्तीत वेळ कमी पडला तर बाकी काहीही गाळा, ही चौकट गाळू नका.

मॉडरेशन पहिल्या आवृत्तीत प्रसिद्धीपूर्वच असू द्या, म्हणजे प्रत्येक प्रतिसाद आधी रांगेत जाईल. उशीर होतो हे खरं. म्हणून वेळ जाहीर करा: सकाळी नऊ ते रात्री दहा या वेळात आलेला प्रतिसाद दोन तासांत पाहिला जाईल, रात्रीचा सकाळी. लोक थांबतात, फक्त किती थांबायचं ते त्यांना माहीत हवं. पाळीत काम करायला पाच तरी माणसं लागतात आणि जो मॉडरेटर त्या वादात स्वतः मत मांडतोय त्याला त्या वादाची रांग दिसताच कामा नये. ही अट विश्वासावर सोडू नका, सॉफ्टवेअरमध्येच घाला.

रांगेच्या पडद्यावर डावीकडे प्रतिसाद, उजवीकडे तो ज्याला उद्देशून आहे तो मूळ मजकूर, खाली त्या लेखकाच्या या वादातल्या आधीच्या प्रतिसादांवरचे निर्णय. लेखकाचं नाव झाकलेलं. बटणं चार: प्रसिद्ध करा, परत पाठवा, दुसऱ्या मॉडरेटरचं मत घ्या, नाकारा. शेवटच्या दोन बटणांना आणि ‘परत पाठवा’ला कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कारणं पाचच ठेवा: व्यक्तीवर रोख, समूहावर रोख, अवांतर, पुराव्याशिवाय आरोप, बेकायदा मजकूर. कारणांची यादी वाढली की दोन मॉडरेटर एकाच प्रतिसादाला दोन वेगळी कारणं लावतात आणि लोकांचा विश्वास उडतो.

एक नमुना बघा. रस्त्याच्या ठरावावर कुणी लिहिलंय: ‘नळ स्टॉपच्या कोंडीवर हा रस्ता उपाय नाही, कारण दोन्ही टोकांना गाड्या त्याच अरुंद चौकात येऊन अडणार. पण टेकडीखाली फ्लॅट घेतलेल्यांना हे कसं पटणार, आडनावं बघितली की कळतंच कोण कुणाची तळी उचलतंय.’ पहिलं वाक्य वादातलं उत्तम वाक्य आहे. दुसऱ्यात हेतूंवर शंका आहे आणि जातीवर पिंक टाकलेली आहे. सगळा प्रतिसाद नाकारला तर चांगला मुद्दा जातो. दुसरं वाक्य मॉडरेटरने स्वतः छाटलं तर लेखकाच्या तोंडी त्याने न लिहिलेला मजकूर जातो. म्हणून ‘परत पाठवा’, कारण ‘समूहावर रोख’, आणि सोबत दोन ओळी: ‘चौकांबद्दलचा तुमचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि तो आम्हाला प्रसिद्ध करायचाय. आडनावांबद्दलचं वाक्य काढून पुन्हा पाठवा. फ्लॅटमालकांचा हितसंबंध दाखवायचा असेल तर तो नेमका काय ते लिहा.’ असं पत्र मिळालेली बरीच माणसं वाक्य काढून परत येतात. नुसतं ‘नियमभंग’ असं उत्तर मिळालेली माणसं दुसऱ्या दिवशी डू-आयडी, म्हणजे दुसरं बनावट खातं, घेऊन येतात.

आडनावाचा विषय निघालाच आहे तर खऱ्या नावाबद्दल. पुष्कळ जण सुचवतात की खरं नाव सक्तीचं करा, लोक आपोआप सभ्य वागतील. मराठीत हे करू नका. आपल्याकडे आडनाव म्हणजे बहुतेकदा जात आणि कधीकधी गावही. आरक्षण, शेती, आहार, देवस्थानं अशा कुठल्याही ठरावावर खरं नाव दिसलं की मुद्दा वाचायच्या आधी माणूस वाचला जातो. बायकांना तर त्याचा वेगळाच त्रास होतो. वाद संपल्यावरही कुणीतरी फेसबुकवर शोधत येतं. टोपणनाव दाखवा, पण एका माणसाचं एकच खातं राहील याची पडताळणी आतल्या बाजूला करा आणि एका वादात ते नाव बदलता येऊ नये.

मॉडरेटर निवडताना सगळे पुण्या-मुंबईचे घेऊ नका. नागपूरकडचा माणूस सहज ‘काय बे’ म्हणतो, त्यात अपमान नसतो. ग्रामीण बोलीत अनोळखी माणसालाही ‘तू’ म्हटलं जातं. प्रमाण मराठीत वाढलेल्या मॉडरेटरला हे उद्धट वाटतं आणि त्याच वेळी शुद्ध, संथ, ‘आपण’ म्हणत केलेला जातीय टोमणा त्याच्या हातून सहज सुटतो. माझ्या अनुभवात मराठी मॉडरेशनमधला सगळ्यांत मोठा अन्याय हाच असतो. विदर्भ, मराठवाडा, कोकण इथला निदान एकेक माणूस, अर्ध्या तरी बायका आणि वेगवेगळ्या समाजांतले लोक असे पाच-सहा जण मिळेपर्यंत थांबा. त्यांना मानधन द्या, थोडं का होईना. फुकट काम करणारा माणूस तिसऱ्या वादात थकतो आणि थकलेला मॉडरेटर चिडून निर्णय देतो.

निर्णयांची नोंद कधीही न पुसणाऱ्या तक्त्यात जाऊ द्या: प्रतिसादाची कुठली आवृत्ती, कुठला निर्णय, कारण, वेळ, मॉडरेटरचा क्रमांक. निर्णय बदलला तर जुनी ओळ तशीच राहते, खाली नवी येते. दाद मागितली की ती आपोआप दुसऱ्याच मॉडरेटरकडे जावी. वाद संपल्यावर किती प्रसिद्ध, किती परत, किती नाकारले, ठरावाच्या कुठल्या बाजूचे किती, हा गोषवारा सगळ्यांना दाखवा. एका बाजूचे प्रतिसाद जास्त परत गेले असतील तर तेही दिसू द्या आणि का ते लिहा.

यंत्राबद्दल. मराठीसाठी साधनं आता आहेत. पुण्याच्या एल3क्यूब या भाषा-तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या गटाने मराठी द्वेषपूर्ण मजकुराचा ‘महाहेट’ हा संच आणि त्यावर शिकवलेली मॉडेल्स खुली केली आहेत. पण तो संच ट्वीटचा आहे आणि लांब युक्तिवादाची भाषा वेगळी असते. मॉडेलला रांग लावायला सांगा: ज्यांवर शंका आहे ते प्रतिसाद अनुभवी मॉडरेटरकडे आधी. निर्णय मॉडेलच्या हाती देऊ नका. शब्दांच्या काळ्या यादीवर तर मुळीच विसंबू नका. ‘फुरोगामी’, ‘भक्त’ असे शब्द रोज नवे रूप घेतात, अर्धे लोक मराठी रोमन लिपीत लिहितात, आणि शिवी वापरणाऱ्याबरोबर त्या शिवीबद्दल तक्रार करणाराही अडकतो.

तांत्रिक बाजू मी थोडक्यात उरकतो, कारण ती तुम्हाला येतेच. पहिला वाद नवा कोड न लिहिता ‘डिस्कोर्स’ या चर्चामंचाच्या तयार सॉफ्टवेअरवर चालवून बघा. ते मुक्तस्रोत आहे, लहान सर्व्हरवर बसतं, विभागवार पूर्वमान्यता देतं आणि नव्या सभासदांना हळूहळू अधिकार देणारे विश्वासाचे टप्पे त्यात तयार आहेत. पूर्वपक्षाची चौकट तिथे फक्त मजकुराचा साचा म्हणून देता येईल, तरी लोक ती कशी भरतात ते कळेल. मग स्वतःचं बांधताना जॅंगो (वेबसाइट बांधायची तयार चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) पुरेत. जॅंगोचं तयार ॲडमिन थोडं वळवलं की मॉडरेटरची रांग आठवड्याभरात उभी राहते.

देवनागरीची काही दुखणी मात्र पहिल्याच दिवशी बघा. साठवण्याआधी युनिकोडचं प्रमाणीकरण करा. ‘ऱ’ एका संकेतानेही लिहिला जातो आणि र अधिक नुक्ता असाही, प्रमाणीकरणाने ते एक होतात. ‘ॲ’ आणि अ वर चंद्र देऊन लिहिलेलं अक्षर दिसायला सारखं असतं, पण प्रमाणीकरणानेही एक होत नाही, ते तुम्हाला हाताने जुळवावं लागतं. शून्य-रुंदीचे जोडक, म्हणजे अक्षरं जोडणारी न दिसणारी चिन्हं, सरसकट काढू नका, काही कीबोर्ड ‘पुऱ्या’तला अर्धा र त्यांच्यानेच लिहितात. पोस्टग्रेसच्या शोधात हिंदीसाठी धातुरूप ओळखणारी सोय आहे, मराठीसाठी नाही. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्याचा’ सापडणार नाही. सुरुवातीला तीन-अक्षरी तुकड्यांवरचा शोध वापरा आणि तो तुमच्या डेटाबेसच्या लोकेलमध्ये देवनागरीवर खरंच चालतो का ते तपासा. प्रवेश ईमेलने द्या. एसएमएसवर ओटीपी पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी या एसएमएस-नोंदणीच्या प्रणालीवर संस्थेची, हेडरची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. त्या कागदपत्रांत तुमचे आठवडे जातील.

कायद्यासाठी एका वकिलाशी तासभर बसाच, पण जाताना हे घेऊन जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 मध्ये मध्यस्थाला, म्हणजे इतरांचा मजकूर दाखवणाऱ्या तुमच्यासारख्या साइटला, मिळणारं संरक्षण तुम्ही मजकूर निवडता किंवा बदलता का याच्याशी जोडलेलं आहे. 2021 च्या नियमांत नियमबाह्य मजकूर स्वतःहून काढल्याने ते संरक्षण जात नाही असं म्हटलंय, पण दुसऱ्याचं वाक्य दुरुस्त करून छापणं ही वेगळी गोष्ट. मॉडरेटरने मजकुराला हात लावू नये हा आग्रह त्यासाठीही आहे, आणि प्रसिद्धीपूर्व तपासणीबद्दल वकिलाचं मत मुद्दाम घ्या. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, काढलेला मजकूर तपासासाठी 180 दिवस जपावा लागतो. उत्तर देण्याच्या मुदती दुरुस्त्यांत बदलत आल्या आहेत, म्हणून सुरू करताना नियमांचा ताजा मजकूर बघा. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 356 आणि समूहांमध्ये तेढ पसरवण्यासाठी कलम 196, ही दोन मॉडरेटरांना माहीत असलीच पाहिजेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. पहिल्या आवृत्तीत सज्ञान लोकांनाच घ्या. कॉलेजच्या मुलांचा उत्साह दांडगा असतो, पण अकरावी-बारावीची मुलं पुढच्या टप्प्यात.

यश कशावरून मोजायचं? प्रतिसादांच्या संख्येवरून मोजू नका. धुरळा उडाला की संख्या वाढतेच. परत पाठवलेल्यांपैकी किती जण सुधारून आले, किती पूर्वपक्षांना समोरच्याने ‘हो, हेच’ म्हटलं, वाद उघडताना आणि बंद होताना विचारलेल्या मतात किती जण हलले, रांगेत थांबायला साधारण किती वेळ लागला, हे चार आकडे दर वादानंतर भिंतीवर लावा.

पहिली माणसं जाहिरात करून मिळवू नका. प्रत्येक बाजूची पंधरा-वीस माणसं स्वतः फोन करून बोलवा: जे या विषयात काम करतात, ज्यांना तो रोज भोगावा लागतो, ज्यांनी त्यावर आधी लिहिलंय. एका बाजूचे लोक ‘तिकडे जाऊन काय उपयोग, ते तर त्यांचंच व्यासपीठ’ असं म्हणत असतील तर त्यांना नियम आणि मॉडरेटरांची यादी दाखवा आणि त्यांच्या ओळखीतला एक मॉडरेटर मागा. तोही मिळाला नाही तर तो ठराव बाजूला ठेवा आणि दुसरा घ्या.